आकडा सांगून गप्प राहणे

थंडर बे, जानेवारी, उणे चौतीस.
व्हॅनचं इंजिन कुरकुरतं, मग कबूल होतं.
मागे पाने, फ्लक्स, तांब्याची वेटोळी,
आणि दारावर अजून बाबांचंच नाव:
हाकाला आणि कन्या.
'आणि कन्या' मी नंतर रंगवून घेतलं.
दोनशे ऐंशी डॉलर. पावती आहे.

बाबा गेले तेव्हा इतकी माणसं आली
की चर्चच्या तळघरात कॉफी पुरली नाही.
जो तो सांगत होता,
रेयोनं कधी एक सेंट जास्त घेतला नाही.
मी बशा विसळत होते. मनात म्हटलं,
कमी किती घेतले, तेही सांगा ना कुणीतरी.

घरी बुटांची खोकी होती, पलंगाखाली.
आत न मागितलेली बिलं,
काही पेन्सिलीनं, काही सिगारेटच्या पाकिटावर,
एकावर नुसतंच: 'पीटरसन, बॉयलर, बघू.'
त्या 'बघू'वर आईनं तीस वर्षं संसार केला.
एका रविवारी बेरीज करायला बसले
आणि एकसष्ट हजारांवर थांबले.
पुढचं खोकं उघडायचा धीर झाला नाही.
अख्ख्या गावाच्या गळत्या काढल्या या माणसानं,
आणि पाणी मुरत होतं ते आमच्याच घरात.

भीड भिकेची बहीण,
हे मला बँकेतल्या खुर्चीवर कळलं.
मग तासाचा भाव काढला:
पेट्रोल, विमा, टायर, माझे गुडघे,
आणि जुलै महिना,
जेव्हा कुणाचीच भट्टी बिघडत नाही
तरी एमरीला पगार द्यावा लागतो.
आला तो आकडा माझ्याच तोंडात मावेना.
दात घासताना म्हणून पाहिला.
कुत्र्याला सांगितला.
त्यानं घासाघीस केली नाही.

सोल्डरिंग अवघड नाही.
आकडा सांगायचा
आणि मग गप्प राहायचं, हे अवघड.
समोरचा भिंतीकडे बघतो,
फ्रिज गुरगुरतो,
जिभेवर येतंच: पण तुमच्यासाठी म्हणून...
ते गिळायचं.
पहिल्या वर्षी सात गिऱ्हाइकं गेली.
म्हणाली, बापाची सर नाही.
नाहीच. बापाची खोकी आहेत.

काल रात्री वुओरेलाबाईंचा फोन.
रेल्वे यार्डामागचं घर, बॉयलर थंड,
आणि त्या स्वयंपाकघरात, कोटावर कोट.
बाबा इथून वेलदोड्याचा पाव घेऊन यायचे,
काम झालं की. तेवढाच.
पंप बदलला. दोन तास. बोटं माझी नव्हती.
मग टेबलाशी बसून लिहिलं:
रात्रीची फेरी, पंप, मजुरी, सहाशे चाळीस.
त्याखाली: सूट, पाचशे.
एमरी बघत राहिला.
नंतर व्हॅनमध्ये विचारलं त्यानं,
द्यायचंच होतं तर लिहिलं कशाला?
लिहिलं म्हणून दिलं, म्हटलं. नाहीतर नुसतं गळलं असतं.

पण ते नंतर.
आधी बाईंनी चष्मा शोधला.
कागद दिव्याखाली धरला, खूप वेळ.
'हे एवढं असतं?
रेयो म्हणायचा, काही नाही, वायसर बदलला.'
मग माझं पेन मागून घेतलं,
पाचशेवर रेघ मारली, चारशे लिहिलं,
आणि कॉफीच्या डब्यातून
एकेक नोट सरळ करत मोजायला लागल्या.

मी गप्प राहिले.
इतकी वर्षं सराव केला होता,
तरी या वेळचं जड गेलं.

पाव मिळाला नाही. आता त्या भाजत नाहीत, हात थरथरतात.
परतीला रस्ता निळा, कुणीच नाही.
व्हॅनचा हीटर तापला
तो आमच्या फाटकाशी आल्यावर.
बसून राहिलो दोघं थोडा वेळ,
पेट्रोल जाळत.