किमान आवश्यकता

कागद म्हणतो : आठ कोअर, बत्तीस जीबी रॅम,
डिस्क पाचशेची, तीही एसएसडी.
नारीनच्या जुन्या तारऑफिसात
नुरझातकडे आहे त्याच्या निम्मं,
आणि दमेकऱ्यासारखा एक पंखा.

बंद पडलेल्या वाचनालयाच्या यंत्रातून
तिने रॅमची पट्टी काढून आणली,
रुमालाच्या टोकाने पुसली,
खाचेत दाबली. टक्.

आता पडद्यावर तीनशे बारा हिरवे ठिपके.
पहाटे तीनला एक लाल.
वरच्या खोऱ्यातली शाळा.
फोनवर राखणदार बेक्तुर कुजबुजला,
"राउटरचा प्लग मीच काढला, पोरी.
कोकरू झालंय. शेगडी लावू कुठे?"

नोंदीत कारणाचा रकाना असतो.
तो तिने कोरा ठेवला,
अलार्म तेवढा गप्प केला.

बाहेर उणे एकोणीस.