पत्त्याच्या रकान्यात

कामगार न्यायालयाच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
वर ताडपत्री, खाली पाटाएवढी सावली.
एप्रिलात तीही दहालाच उठून जाते.

रत्नमाला यल्लप्पा जाधव म्हणाली,
"लिवा. सगळं लिवा.
पण रडारड नको त्यात."

म्हणून मी टाइप करतो:
अर्जदार ही अक्कलकोट रोडवरील टॉवेलच्या कारखान्यात
तपासणी खात्यात अकरा दिवस कामास होती.
सुटलेला धागा, फिका काठ तिला लांबून दिसायचा.
गठ्ठ्यावर हात ठेवून सांगायची,
डझनात बारा आहेत की अकरा.
हे अर्जात बसत नाही. खोडतो.

बाराव्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली.
दुपारी सुपरवायझर गेटपर्यंत सोडायला आला:
"तुझ्याबद्दल कायच नाही गं.
पण सेटलमेंटची माणसं आन् गोडाऊनची किल्ली...
मालक नको म्हणतेत."

हे बसतं. हे अवतरणचिन्हात घेतो.

गुंडेटी वकील चहा ओतता ओतता म्हणाले,
"मस्टरला नावच नाही हिचं.
ते म्हणणार, जी कामावर नव्हतीच
तिला काढलं कसं?"

तिचा आज्जा तारेच्या आत जन्मलेला.
दिवसातून तीनदा हजेरी,
नाव पुकारलं की उभं राहायचं,
नाही राहिलं तर गुन्हा.
आज्ज्याच्या हजेऱ्या वहीत मावत नव्हत्या,
नातीची एक सापडत नाही.
(हे तिनं सांगितलं नाही.
मला माहीत आहे.)

मग तिनं पिशवीतून टॉवेल काढला,
निळा, चौकटीचा, घडी न मोडलेला.
कोपऱ्यात बोटभर चिठ्ठी: चेकर नं. २७.
"सत्तावीस म्हंजे मीच.
चार दुकानं उलथी केली, तवा घावला.
एकशे चाळीस रुपये. बिल बी घेतलंय."
वकिलांचा कप बशीवर यायचा राहिला.

सोबत जोडले: टॉवेल, नग एक. बिल.

शेवटी पत्ता.
वकील म्हणाले, नुसतं सोलापूर चालेल, समन्स माझ्याकडेच येतील.
"न्हाई," ती म्हणाली. "घर नंबर घाला. गल्ली घाला.
सेटलमेंट घाला, नीट, ठळक."
मी ठळक केलं. रिबन जुनी,
दोनदा आपटावं लागलं प्रत्येक अक्षर.

चौतीस वर्षांमागे गिरणीच्या खिडकीत
असाच एक फॉर्म मी भरला होता,
त्याच रकान्यात मावशीचं घर लिहून.
नोकरी लागली. पुढं गिरणीच बंद पडली.
पत्ता तेवढा राहिला अंगाला.

तीन पानांचे नव्वद झाले.
तिनं मोजून दिले, मी मोजून घेतले.
पिशवी उचलताना सहज विचारलं तिनं,
"तुमी कुठले वो, काका?"

मशीनवर झाकण घालत होतो.
तोंडातून आपसूक गेलं,
"साखर पेठ."