खुंट

अ‍ॅव्हिस ट्रेलोअरनं घर विकलं त्या मार्चमध्ये
निम्म्या पीटरबरोनं तिच्या कुंड्या वाटून नेल्या.
मला उशीर झाला, शाळेची बस पंक्चर.
मागच्या पडवीत एकच रोप उरलं होतं,
दुधाच्या कापलेल्या डब्यात, वीतभर,
पानं राखाडी, जणू कुणी चूल झटकली त्यांच्यावर.

"एरेमोफिला," ती म्हणाली. "वाळवंटावर जीव असलेली."
त्यातली कुठली?
तिनं पट्टी उचलून डोळ्यांशी धरली. आइस्क्रीमच्या झाकणाची पट्टी,
शाईनं लिहिलेली, शाई उन्हानं चाटून नेलेली.
"दोनशेच्या वर आहेत गं. फूल आलं की तीच सांगेल."

कुंपणाशी खड्डा खणला, जिथं गवतही रुसतं.
पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्याला एक बादली,
बुडाशी, पानांवर थेंबही नाही.
दुसऱ्या उन्हाळ्यात काहीच नाही.
हे अवघड. भरलेली बादली घेऊन परत फिरणं.
(डेन्झिल गेला त्या वर्षी
बायका झाकलेली भांडी घेऊन रोज दार वाजवत,
आणि मला वाटे, मुळं कुजतील माझी.)

त्याआधीच्या जुलैत एका पहाटे गवतावर काचा पडल्या होत्या.
शेंडा काळा. संपलं, म्हटलं.
सप्टेंबरात बुडाशी हिरवं फुटलं,
गुळगुळीत, जाड, तकाकणारं.
मी कुत्र्यालासुद्धा बोलावून दाखवलं.
राख कुठं गेली, हे विचारायला विसरले.

रात्री जेवणाच्या टेबलावर दिवा खाली ओढून
भिंगातून पान पाही. उजेडाला धरलं की ठिपके,
तेल लागलेल्या कागदासारखे.
शाळेच्या जुन्या वहीत प्रश्न लिहून ठेवले:
पाकळ्या चार वर, एक खाली?
पुंकेसर बाहेर डोकावतात, की लाजून आत?
फूल गळल्यावर मागे राहते ती वाटी,
जांभळी की हिरवी?
उत्तरांच्या जागा रिकाम्या,
परीक्षेला बसलेल्या पोरासारखी मी.

तिसऱ्या ऑक्टोबरात फुललं.
पांढरं, नखापेक्षा लहान,
पाचही पाकळ्या सारख्या, भांडण नसलेल्या घरासारख्या,
आणि घशात जांभळी शाई उडालेली.

ओरोरूहून गार्नेट फिट्झनर आला, स्वतःचं भिंग घेऊन.
भिंग खिशातच राहिलं.
गुडघ्यावर बसला, माती सारली,
खोडावरच्या एका गाठीवर अंगठा ठेवला.
"इथं कलम बांधलं होतं. खाली बोबियाला,
समुद्रकाठची, कुठल्याही मातीत तगते.
वर तुझी वाळवंटवाली. ती थंडीत गेली.
तीन वर्षं तू खुंट वाढवलास, बाई."

गाठीच्या वर ती वाळकी काडी,
जिच्यावर मी बागेतले हातमोजे टांगत होते.
त्यानं नखानं साल खरवडली: तपकिरी.
आणखी खाली: तपकिरी.
"उपटून टाक. नावानिशी नवी देतो."
बघते, म्हटलं.

रविवारी पोर्ट पिरीला, वृद्धाश्रमात,
अ‍ॅव्हिसनं पहिलं तेच विचारलं. "आलं फूल?"
आलं.
"रंग?"
पांढरा. आत जांभळे ठिपके.
तिनं डोळे मिटले. दोनशे जणींची हजेरी घेत असावी.
"पांढरं," ती बऱ्याच वेळानं म्हणाली,
"पांढरं तर माझ्याकडे नव्हतंच."
मी तिचा कप भरला. अर्धाच.

घरी येऊन पत्र्याची पट्टी कापली.
पेन्सिलीनं लिहिलं; पेन्सिल उन्हाला पुरून उरते:
बोबियाला. खुंट.
वर कोण होतं, ठाऊक नाही.

मग हातमोजे काढून
पुन्हा त्याच काडीवर टांगले.