एक कान उघडा

खडे बाजारातल्या दुकानात
मल्लेशीनं काउंटरवर दोन हेडफोन ठेवले.
एक काळा, बंद पाठीचा, बटण दाबलं की बाहेरचा आवाज पुसणारा.
दुसरा जाळीचा, वायरवाला.
"ह्यातनं सगळं आत येतंय मॅडम, आणि सगळं बाहेर जातंय."
भाव दोघांचा सारखा,
आणि माझी भिशी लागली होती एकाचीच.

गरज सांगितली मी, डॉक्टरला सांगावी तशी:
संकेश्वर ते बेळगाव, लाल बस, रोज,
काचा खिडकीत दाढेसारख्या हलतात,
वंटमुरीच्या घाटात ड्रायव्हर गिअर टाकतो
तेव्हा माझा तानपुरा मधेच कुठं तरी उतरून जातो.
रात्री घरी, साडेनऊनंतर,
भिंतीपलीकडं दुंडाप्पा मास्तरांची सून, बाळंतीण.
तिथं तानपुरा कानात, गाणं दबक्या गळ्यात.
"म्हणजे बसला एक आणि घरला एक," तो म्हणाला.
ते मलाही कळत होतं.

आधी काळा घातला.
बटण दाबलं
आणि खडे बाजार गेला.
रिक्षा गेल्या, कुंद्याच्या दुकानापुढचं भांडण गेलं,
मल्लेशीचे ओठ हलत राहिले
मराठीत की कन्नडमध्ये, कळेना.
समोरचा कुठल्या भाषेत तोंड उघडतोय
ह्यासाठी आयुष्यभर कान टवकारून ठेवलेले,
ते पहिल्यांदा खाली बसले.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग थोडी भीती.

जुनी शिकवणी लावली फोनमधली.
अंबक्काबाई, बागेश्री, सात वर्षांपूर्वीची.
"थांब, मी गातो, तू ऐक."
आमच्याकडच्या बाया गातो, जातोच म्हणतात,
पुण्याची जाऊ अजून हसते त्याला.
बाईंनी धैवत घेतला, मी घेतला,
चुकले, परत घेतला.
सगळं पाठ आहे मला, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीसकट.
पण शिट्टीनंतर, पेटीच्या भात्यामागं,
अगदी तळाशी, एक शब्द:
"छलो."

पन्नास रुपयांच्या बोंडांतून
तो सात वर्षांत कधी आला नव्हता.
बाईंनी मला कधी चांगलं म्हटलेलं नाही.
मान हलायची, तीही माझ्याकडं न बघता.
मागं नेऊन परत ऐकलं. चार वेळा.
मल्लेशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवायला गेला.
पाचव्यांदा ऐकू आलं, शब्दाच्या जरा आधी
बशीत कप ठेवल्याचं टिक.

म्हणजे चहा.
किंवा गाणं.
विचारायला बाई राहिल्या नाहीत.
आणि चहा, आठवतंय तसं, त्या दिवशी मीच केलेला.

"जाळीचा घालून गाऊन बघा की."
दुकानात कोण गातं? गुणगुणले.
काळ्यात माझा सा माठात तोंड घातल्यासारखा
हाडांच्या वाटेनं वर येत होता.
जाळीच्यात तो बाहेर गेला, कपाटाच्या काचेला लागला,
परत आला, माझाच, किंचित उतरलेला.
गाणाऱ्यानं हाच घ्यावा. पटलं.
पटलं असूनही म्हटलं, काळा बांध.

आता रात्री डावा कान झाकून बसते, उजवा उघडा.
डावीकडं तानपुरा.
उजवीकडं माझा गळा, फ्रीज, मास्तरांचं नातवंड.
सकाळी बसमध्ये कंडक्टर खांद्याला हात लावून उठवतो,
बायकांचं तिकीट शून्याचं, पण घ्यावंच लागतं.
यमकनमर्डीपर्यंत दोन्ही कान बंद.
घाट लागला की बटण काढते.
तिसऱ्या गिअरला इंजिन काळी चारच्या
एवढंसं खाली लागतं, आणि धरून ठेवतं.
त्यावर ओठ मिटून सा जुळवते,
लांब, श्वास संपेपर्यंत.

शेजारची बाई भाजीची पिशवी सावरत वाकते:
"पोटात दुखायलंय काय गं?"