वीस मिनिटं ठेव, वीस मिनिटं काढ

डॉक्टरीणबाईंनी दाढ ट्रेमध्ये टाकली, टण्‌कन.
पंचवीस वर्षं आडवी पडून होती आत,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी.

"उद्यापर्यंत चूळ नको, थुंकायचं नाही,
नळीनं काही ओढायचं नाही, तंबाखू तर नाहीच.
खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलीय. तिला हलवू नका."

गाल परका, ओठ दुसऱ्या कुणाचा,
पण एवढं कळलं.
तुटलेल्या ताण्याला गाठ मारायची
आणि ती फणीतून पार होईस्तोवर श्वास धरायचा,
हे माझं रोजचंच.

घरी अंबाक्कानं वरवंट्यानं बर्फ फोडला,
टॉवेलात गुंडाळला.
आमच्याच मागावरचा, काठ चुकलेला,
शेठनं पगारातून कापून दिलेला.
वीस मिनिटं ठेव, वीस मिनिटं काढ.
भिंतीवरच्या घड्याळाला या घरात
एवढा मान कधी मिळाला नव्हता.

पोरांच्या ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी.
कुडुम् कुडुम्.
माझ्या वाटीत गार पेज.
"लेकरू झालात की," अंबाक्का म्हणाली,
आणि चमचा मात्र माझ्याच हातात दिला.

रात्री डोक्याखाली दोन उशा.
एप्रिलचा पंखा, गरम वारा.
ठणका धोट्यासारखा, या कानातून त्या कानात.
मोजत राहिलो. चारशेच्या पुढचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी राजमौळी आला, शेजारच्या मागावरचा.
त्यानंही तोंड उघडलं नाही.
आम्ही कारखान्यात कधी उघडतो?
बोट वर: धागा गेला. मूठ: बंद कर.
अंगठा ओठाशी: चहा.
त्यानं तळहात गालावर ठेवून भुवई उडवली.
मी बोटानं दाखवलं, अर्धं उरलंय.
मग त्यानं मुकादमाची चाल केली दोन बोटांनी, फरशीवर,
आणि मी टाके सांभाळत
पोटातल्या पोटात हसलो.
"तासभर काय बोलताय एवढं?"
दारातून अंबाक्का.
तासभर?
टॉवेलातला बर्फ केव्हाच पाणी झाला होता.

तेव्हापासून कोमट पाणी, मिठाचं, जेवण झालं की.
मान हळू कलवायची, या बाजूला, त्या बाजूला,
मग ओठ उघडून नुसतं पडू द्यायचं.
थुंकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला
हे शिकायला दोन दिवस लागले.

आठव्या दिवशी मागावर.
चुन्याची डबी खिशात, बंद.
धागा तुटतो, मी गाठ मारतो,
जीभ आपली खड्ड्याकडे निघते.
थांब बे, तिला म्हणतो.
जाऊ दे तिला फणीतून.