तुटक रेघ

लिंगमळ्याच्या उतारावर, पहाटे पाच पन्नासला
मातीत खुपसलेल्या थर्मामीटरनं उणे एक दाखवलं
आणि मी वहीत लिहिलं: खुंटी सतरा, पांढरं.
पेन चालेना. पेन्सिल चालली.
एवढी साधी गोष्ट
साताऱ्याच्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

तिथं शिकवलं ते दूरचं.
बारा महिने गोठलेली जमीन,
तिच्यावर आपोआप मांडले गेलेले दगडांचे षटकोन,
आतल्या बर्फानं फुगून आलेल्या टेकड्या.
फरांदे सर पिवळ्या खडूनं काढायचे,
बाहेर एप्रिल असायचा
आणि वीज गेलेली.

इथं बर्फाचं राज्य एका रात्रीचं.
जांभ्यावरच्या तांबड्या मातीतून
सुया उभ्या राहतात, करंगळीच्या पेराएवढ्या,
प्रत्येकीच्या माथ्यावर एक खडा,
करवलीनं करा धरावा तसा, न सांडता.
साडेआठला ऊन आलं की खडा खाली बसतो,
पण उठला होता तिथं नाही.
किंचित पुढं.
उताराकडे.
डोंगर असाच खाली येतो, घाई नसते त्याला.

तान्हूबाई ढेबे म्हशी घेऊन चालल्या होत्या.
"काय हरवलं का गं?"
म्हटलं, दहिवर कुठवर गोठतं त्याचा नकाशा करतेय.
त्या हसल्या नाहीत.
चपला काढून हातात घेतल्या
आणि गवतातून चालत सुटल्या, तिरक्या, वळत,
जणू पायाखाली कुणी बांध घालून ठेवलाय.
ओढ्यापाशी थांबल्या. "हितवर."
टेपनं मोजलं.
माझ्या खुंट्या त्यांच्या पावलांपासून
कुठं वीतभर लांब, कुठं चार बोटं.

"गारठा पाण्यावानी असतो, बाई.
उताराला लागतो, खोलगट बघून बसतो.
म्हस बसत न्हाई तिथं.
मशिनीला कशाला, म्हशीला इचारायचं."

पिशवीत सरांचं ट्रेसिंग होतं,
तेवीस वर्षांपूर्वीचं, घड्यांवर पिवळं पडलेलं.
त्यांची रेघ ओढ्याच्या पलीकडे राहिली होती.
माझी अलीकडे आलीय,
बावळेकरांच्या स्ट्रॉबेरीच्या तीन वाफ्यांवर चढलीय.
वाफ्यांवर रात्री गोणपाट टाकलेलं, कडक झालेलं, पापडासारखं.
हिवाळे तर म्हणे सौम्य होत चाललेत.
मग?
मान वर केली तेव्हा दिसली
नव्या रिसॉर्टची भिंत. आठ फूट, चिऱ्याची,
उताराला आडवी,
पाणी जायला भोकं ठेवलेली,
थंडी जायला नाही.

सातबाऱ्यावर विहीर लागते, झाडं लागतात,
वहिवाट लागते.
गारठा लागत नाही.
बावळेकर म्हणाले, तुमचा कागद तलाठ्याला चालेल का?
मी म्हणाले, बघते.
काय बघणार होते, मलाही माहीत नाही.

सरांना फोन लावला. शाहूपुरीत असतात,
सकाळी उठून कुंड्यांना पाणी घालतात.
सगळं ऐकून घेतलं.
भिंतीबद्दल काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले,
"एका पहाटेवर पक्की रेघ ओढू नकोस.
तुटक काढ.
आणि पुढच्या वर्षी परत जा."

तोवर ऊन भिंतीवरून उतरलं होतं.
वेण्णा तलावाकडे गाड्यांचे हॉर्न,
टपावरचा बर्फ खरवडून
एकमेकांच्या कॉलरीत घालणारी पोरं.
पांढरं माझ्या पेन्सिलीपेक्षा भराभर मागं सरत होतं,
खुंटी नऊ गेली, अकरा गेली,
सतरापाशी नुसती ओल.

गवतात मात्र अजून दिसत होती
तान्हूबाईंची पावलं, काळपट, एकाआड एक,
मधली जागा कोरी.
मी ती मोजली. एकेचाळीस.
कागदावर उतरवून घेतली, जशीच्या तशी,
डाव्या पायाचा अंगठा थोडा बाहेर.