महिन्याला किती पानं?

राजारामपुरी, सहावी गल्ली.
आदगोंडा मगदूम विचारतो,
"ताई, महिन्याला किती पानं निघत्यात?"
मोजली कुणी?
भाडेकरार, वाटणीपत्रं, हमीपत्रं.
भाऊ-भाऊ समोर भांडत असतात,
मी समास बघते.

तो तीन खोकी पुढं करतो.
स्वस्तातल्याचं टोनर महाग.
महागाला वायफाय, आणि कसबा बावड्यात
दुपारी लाईटचाच पत्ता नसतो.
तिसरा नुसता काळा-पांढरा, बोजड.
"पण लक्ष्मीपुरीत भरून मिळतंय, साडेतीनशेत."
उद्या सांगते म्हटलं.

जुना अजून टेबलावरच.
अकरा वर्षं झाली,
कागद घेताना दोनदा घसा खाकरतो
आणि डाव्या कडेला सोडतो करडी रेघ.
निबंधक कचेरीतला कारकून रेघ बघूनच म्हणतो,
"नेजदारबाईंचा कागद. घ्या पुढं."

शटर ओढायच्या आधी
हिरवं बटण दाबून धरलं,
दुरुस्तीवाला पोरगा शिकवून गेलाय तसं.
घसा खाकरून त्यानं एक पान दिलं,
कुणाच्या जमिनीचं नाही, स्वतःचं:
एकूण पानं २,८४,६१७.
डावीकडं रेघ.

त्याच पानाच्या पाठीवर भागाकार केला.
मगदूमला फोन लावला.
"दोन हजार एकशे छप्पन्न. तिसरा द्या.
जुन्याचे किती धराल?"
"पाचशे."
"मग राहू दे."

पान फाईलला लावायला
दोन भोकं पाडली,
नेमकी रेघेवरच पडली.